जमिनीवरून उचलायचं वजन

सुवर्णा तायडे जयपूरच्या पार्सल ऑफिसात वजनं लिहायची. रजयांचे गठ्ठे, संगमरवरी मूर्तींच्या पेट्या, मोटारसायकली, कधी एखादं कुत्रं. हमाल माल काट्यावर ठेवायचे, काटा थरथरून थांबायचा, ती आकडा लिहायची, हमाल माल उचलून न्यायचे. नवऱ्याच्या जागी अनुकंपेवर नोकरी लागली तेव्हापासून हेच चाललं होतं. इतक्या वर्षांत त्यातली एकही वस्तू तिनं स्वतः उचलली नव्हती. वजन ही तिच्यासाठी पाहायची आणि लिहायची गोष्ट होती.

शास्त्री नगराला लागून असलेल्या रेल्वे क्वार्टरमध्ये ती आणि तिची सासू भीमाबाई अशा दोघी राहत. मुलगी उत्कर्षा नागपूरला शिकत होती. घर मूळ अकोल्याकडचं. नवरा भुसावळहून बदलीनं इथे आला आणि इथेच वारला. त्यानंतर परत जायचं की नाही, हे दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नाही. क्वार्टरसमोर एक कडुनिंब होता. उन्हाळ्यात पश्चिमेकडून धूळ यायची आणि तो दिसेनासा व्हायचा, मग पुन्हा दिसायचा.

भीमाबाईनं सत्तरी ओलांडली होती. अर्धांगाचा एक हलका झटका येऊन गेला होता. डावा पाय आणि डावा हात तेव्हापासून मनासारखे चालत नसत. काठी घेऊन ती घरात फिरायची, खुर्चीवरून उठायची. जमिनीवर मात्र बसली की उठता येत नसे. बोलणं शाबूत होतं. वऱ्हाडातल्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलायची, आणि बरंच बोलायची.

कॉलनीत बौद्ध कुटुंबं होती, बहुतेक रेल्वेतली. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा वर्षावास. या काळात दर रविवारी कुणाच्या तरी घरी सतरंजी अंथरून ग्रंथवाचन व्हायचं. निवृत्त गार्ड पंढरीनाथ वाचायचे, बाकीचे पांढरे कपडे घालून ऐकायचे. समारोप आश्विन पौर्णिमेला कॉलनीच्या समाजखोलीत. भीमाबाईनं जयपूरला आल्यापासून एकही समारोप चुकवला नव्हता.

दोन हजार सातच्या समारोपाला तिला खुर्ची दिली गेली. तिनं काठीनं खुर्ची बाजूला सारली.

"सगळे खाली बसले, अन् मी एकटीच वर काहून बसू? मी काय पाटलीण हाओ?"

लोक हसले. ती खाली बसली. वाचन संपलं, लोक उठले, आणि ती उठू शकली नाही. सुवर्णानं काखेत हात घालून ओढलं. दोघी तोल जाऊन भिंतीवर आदळता आदळता राहिल्या. मग चार पुरुष पुढे आले. दोघांनी खांदे धरले, दोघांनी पाय. लुगडं पोटऱ्यांच्या वर गेलं, पदर खाली घसरला. त्यांनी तिला खुर्चीवर ठेवलं आणि ते सतरंजी गुंडाळायला गेले. कुणी काही वाईट केलं नव्हतं.

घरात येऊन भीमाबाई म्हणाली, "चार माणसांनी उचलायची येळ एकदा येते. माही दोनदा येईन."

"बाई, असं काय बोलता?"

"बोलतो काय, झालं ते सांगतो." काठी कोपऱ्यात ठेवत ती म्हणाली, "पुढच्या वर्षी जाईन तं खालीच बसीन. अन् उठवशीन तं तूच उठवशीन. नाई तं मी जातच नाई."

रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसरा झटका येईल किंवा येणार नाही, सांगता येत नाही. म्हणजे पुढचं वर्ष हे नेमकं किती वर्षांपैकी एक आहे, हे दोघींनाही माहीत नव्हतं. सुवर्णा तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. दादर चढून प्लॅटफॉर्म ओलांडला की तिला धाप लागायची.

संक्रांतीला मराठी मंडळात तिळगूळ होता. तिथे मधुमतीबाई भेटल्या. त्यांचे यजमान वसंतराव विमा कंपनीत अधिकारी, घर मानसरोवरला. त्यांनी सुवर्णाचं ऐकून घेतलं, म्हणजे अर्धं ऐकून घेतलं.

"अहो, मग आमच्या क्लासला या ना! मी दोन महिन्यांत केवढी उतरले, बघा. हा ब्लाऊज दिवाळीत शिवलेला, आता आत आणखी एक बाई मावेल."

"मला बारीक नाही व्हायचं, ताकद पाहिजे."

"सगळं एकच असतं हो ते. स्टॅमिना म्हणतात."

क्लास मानसरोवरला एका दुकानांच्या इमारतीच्या तळघरात भरायचा. त्या वर्षी शहरात असे क्लास निघत होते. तिन्ही भिंतींना आरसे, चौथ्या भिंतीला मोठे स्पीकर. शिकवायला शेखावत मॅडम. विशीतल्या, घोटीव, आवाज गाण्याच्या वर चढणारा. सुवर्णा ऑफिस सुटलं की स्कूटीवरून जायची. उड्या, बैठका, खाली पडून पुन्हा उठून उडी, हात वर. थांबायचं नाही, पाणीसुद्धा चालता चालता.

"चलो लेडीज, रुकना नहीं! साँस छोडो! और आठ! और सात! सुवर्णाजी, नीचे तक!"

पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, आपण इथेच मरणार आणि आरशात ते तिन्ही बाजूंनी दिसणार. मग ते वाटणं कमी झालं. तिथे कुणी आडनाव विचारत नव्हतं. नवरा काय करतो, मूळ कुठले, जेवायला काय करता, काही नाही. सगळ्याजणी फक्त नावाच्या, लाल झालेल्या, धापा टाकणाऱ्या. त्या तासात विचार करता येत नसे. तिला ते आवडू लागलं. क्लास संपल्यावर मधुमतीबाई नाक्यावर कांद्याची कचोरी खायच्या आणि म्हणायच्या, "आज जेवढं जाळलं तेवढं परत भरलं. हिशोब बरोबर."

वजन उतरलं. चेहरा निमुळता झाला. पार्सल ऑफिसातला हमाल म्हणाला, "मॅडम, तबीयत ठीक है ना?" दादर चढताना धाप लागेनाशी झाली. मंडळातल्या बायकांनी तिला थांबवून क्लासचा पत्ता विचारला.

एप्रिलमध्ये एका सुट्टीच्या दिवशी दुपारी भीमाबाई पलंगाच्या कडेवरून घसरून खाली बसली. लागलं नाही. सुवर्णा पुढे झाली. तिनं खाली वाकून काखेत हात घातले आणि जोर केला. भीमाबाई जागची हलली नाही. पुन्हा जोर केला. धाप लागली नव्हती, छाती शांत होती, घाम नव्हता. आणि तरी ते होत नव्हतं. शरीरात कुठली तरी एक गोष्ट नव्हतीच, आणि ती नाही हे आता कळत होतं.

शेवटी तिनं पाट आणला. भीमाबाईला कलतं करून खाली एक पाट सरकवला. मग त्यावर घडी घातलेली रजई. मग दुसरा पाट, दुसरी रजई. एकेक थर चढत भीमाबाई पलंगाच्या उंचीला आली आणि तिथून पलंगावर गेली. अर्धी दुपार गेली. वर पोचल्यावर ती म्हणाली, "तुह्या नाचण्यानं तं मी उठलो नाई. रजईनं उठलो."

रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमागे वजनांचा एक हॉल होता. पत्र्याचं छप्पर, एक लाकडी फळी, काही सळया, थोड्या चकत्या. चकत्या कमी पडत, म्हणून डब्यांचे भंगारात निघालेले बिडाचे ब्रेक ब्लॉक सळईला बांधायची तिथली रीत होती. हा हॉल हणमंत चालवायचा. सांगलीकडचा गडी, खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागलेला, आता डब्यांच्या दुरुस्तीला. एके काळी त्यानं रेल्वेच्या झोनसाठी स्पर्धेत वजनं उचलली होती. त्यापुढे जायचं राहिलं. चाळिशीत आला होता, मान जाड होती आणि वाकून काही उचलायचं झालं की आधी कंबरेवर हात जायचा. मराठी माणूस म्हणून सुवर्णा त्याच्याकडे गेली.

"हितं बायका येत न्हाईत, ताई."

"का?"

त्यानं विचार केला. "कोण आली न्हाई, म्हणून येत न्हाईत."

तिनं क्लासचं सांगितलं, रजयांचं सांगितलं. तो रजयांच्या गोष्टीवर हसला नाही.

"उड्या मारून घाम येतो, ताकद येत न्हाई. घामाचं काय, जयपुरात मे महिन्यात बसल्या जागी येतोय. म्हातारीचं वजन किती?"

"बावन्न."

"मग बावन्न जमिनीवरनं उचलायला शिकायचं. सोपं हाय." थोडं थांबून तो म्हणाला, "म्हंजे अवघड हाय. पर एकच गोष्ट हाय."

पुरुष यायच्या आधी, पहाटे ती जाऊ लागली. पहिले कितीतरी दिवस त्यानं तिला नुसती काठी दिली. पाय कुठे, टाचा कुठे, कंबर कशी मागे न्यायची, पाठ कशी सरळ ठेवायची. मग सळई. मग सळईला ब्रेक ब्लॉक. एकदा उचलायचं, ठेवायचं, मग बसायचं. बरंच बसायचं. हणमंत भिंतीला टेकून चहा प्यायचा. क्लासमध्ये थांबणं हा गुन्हा होता, इथे थांबणं हेच निम्मं काम होतं. सुरुवातीला तिला त्या बसण्याची लाज वाटायची. आपण काही करत नाही असं वाटायचं. बाहेर शंटिंगचं इंजिन पुढेमागे व्हायचं, डबे एकमेकांना धडकायचे, आणि ती एका सळईकडे बघत बसलेली असायची. लोखंड सगळ्या दिवशी सारखंच वजनाचं असायचं. तिला झोप झाली असेल तरी, नसली तरी. नवऱ्याचा स्मृतिदिन असो नसो. त्यात दया नव्हती आणि राग नव्हता. असं काही तिच्या आयुष्यात आधी नव्हतं.

"क्लास सोडा," हणमंत म्हणाला. "दोन दगडांवर पाय ठिवू नका. तिकडं उड्या मारून पाय दमवायचे आन हितं येऊन वजन न्हाई उठत म्हणायचं. कायतरी एक धरा."

तिनं क्लास सोडला. मधुमतीबाईंचा फोन आला.

"काय ऐकते मी हे? वजनं उचलता? अहो, खांदे पुरुषांसारखे होतात. मग कुठलाही ब्लाऊज बसत नाही."

"दोन बायका मावतात त्या ब्लाऊजमधला एक द्या मला."

पलीकडून मोठ्यानं हसू आलं. "बरं, निदान पावसाळ्यात कानोत्याला या. क्लासची सहल आहे, धरणावर. शेखावत मॅडम भिंतीवरून पळवणार आहेत सगळ्यांना."

सहल रविवारी होती, वाचनही रविवारी होतं. ती गेली नाही.

उत्कर्षा फोनवर म्हणाली, "मतलब, आई, तू सच में वेट्स उचलतेस? त्या पहलवान लोकांसोबत?"

"एकच पहिलवान आहे. तोसुद्धा चहा पीत बसतो."

"पागल आहेस तू."

मागून भीमाबाई ओरडली, "तिले सांग, माय हमाल झाली म्हणून!"

ऑगस्टमध्ये सळईवर चाळीस किलो जमिनीवरून उठले. सप्टेंबरात बावन्न. त्या दिवशी हणमंतनं फळीवर चुन्याची रेघ मारली. मग आणखी थोडं वाढवलं, कारण माणूस सळईसारखा सरळ नसतो, असं तो म्हणाला. ती पार्सल ऑफिसात काट्यावर आकडा लिहायची तेव्हा आता तळव्यांत काहीतरी हलायचं. अठ्ठेचाळीस किलोचा रजयांचा गठ्ठा हा आता आकडा राहिला नव्हता.

माणूस सळईसारखा नसतो हे घरी कळलं. सळईला धरायला जागा असते. भीमाबाईला नव्हती. डावा हात ओढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काखेतून ती घसरायची. ऐकून हणमंतनं आपला जुना कातडी पट्टा दिला, वजन उचलणारे कंबरेला बांधतात तो, रुंद, घामानं काळा पडलेला.

"हा तुमाला न्हाई. म्हातारीला बांधा. आन पट्टा धरून उचला."

सुवर्णानं तो भीमाबाईच्या कंबरेला, लुगड्यावरून बांधला.

"हे काय बांधतं वं? मी काय म्हैस हाओ?"

"म्हशीला गळ्यात बांधतात, बाई."

"अन् हा कोणाचा घाम हाये? वास तं पाह्य."

"हणमंतरावांचा."

"परक्या माणसाचा पट्टा कमरेले बांधून बसवलं मले, या वयात." पण तिनं तो सोडू दिला नाही.

मग रोज संध्याकाळी एकदा, समोरच्या खोलीत, सतरंजीवर. सुवर्णा गुडघे वाकवून समोर बसायची, दोन्ही हातांनी पट्टा धरायची, भीमाबाईचा उजवा हात तिच्या मानेभोवती. पाठ सरळ, कंबर मागे. वर. भीमाबाई उभी राहायची, काठी घ्यायची, म्हणायची, "हं." पहिल्यांदा झालं त्या दिवशी ती 'हं'सुद्धा म्हणाली नाही. खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली.

रोज एकदाच. हणमंतनं तसंच सांगितलं होतं. "ताकद जपून ठिवायची. स्पर्धेत एकदाच उचलायचं असतंय. एकदा नीट उचललं की झालं." त्याच्या सगळ्या आयुष्यात वजन हे असंच होतं. एकदा वर, पंचांचा पांढरा दिवा, टाळ्या, मग खाली टाकून द्यायचं. सुवर्णालाही ते पटलं. समारोपाला बसायचं आणि शेवटी उठायचं. एकदा. आपल्या समारंभात माणसं किती वेळा उठबस करतात हे दोघांपैकी कुणीच मोजलं नव्हतं. हणमंत तिथे कधी गेला नव्हता आणि सुवर्णा इतकी वर्षं जात असूनही, उठणं ही तिच्यासाठी लक्ष द्यायची गोष्ट नव्हती.

आश्विन पौर्णिमेला समाजखोली भरली. भीमाबाईनं नवं पांढरं लुगडं नेसलं. पट्टा पदराखाली झाकला. आत शिरल्यावर कुणीतरी सवयीनं खुर्ची पुढे केली. ती म्हणाली, "ठेव बाजूले. सून आणली मी." सुवर्णानं तिला पट्ट्याला धरून हळूच खाली उतरवलं. उतरवणं उचलण्याहून सोपं नसतं, पण ते झालं. हणमंतलाही तिनं बोलावलं होतं. तो दाराजवळ चपलांशेजारी बसला, पाहुणा बसतो तसा, हात मांडीवर ठेवून. पंढरीनाथांनी त्याला पुढे यायला सांगितलं. तो म्हणाला, "हितं बरंय," आणि मग थोडा पुढे सरकला.

त्रिशरण झालं, वाचन सुरू झालं. अर्ध्यात दिल्लीहून बोलावलेले भिक्खू, भन्तेजी, आले, गाडीला उशीर झाला होता. सगळी खोली उभी राहिली.

"बसून राहा तुम्ही," सुवर्णा हळूच म्हणाली. "चालतं."

"सगळे उभे राहिले, अन् मी बसून राहू?" भीमाबाईनं उजवा हात पुढे केला.

सुवर्णानं उचललं. भीमाबाई नीट उठली. पाठ सरळ होती. लोक भन्तेजींकडे बघत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. आठ महिन्यांची गोष्ट झाली आणि ती कुणी पाहिली नाही. सुवर्णाला वाटलं, झालं. मग भन्तेजी बसले आणि सगळे बसले.

वाचन संपलं. पंढरीनाथ म्हणाले, या वर्षी आपल्यातून गेलेल्यांसाठी आपण दोन मिनिटं उभं राहू.

भीमाबाईनं हात पुढे केला. गेलेल्यांमध्ये तिची एक मैत्रीण होती. सुवर्णानं पट्टा धरला. या वेळी मांड्यांत एक कंप आला, जो हॉलमध्ये कधी येत नसे. हॉलमध्ये मधे बसायला मिळायचं. भीमाबाई उभी राहिली, डोळे मिटले. दोन मिनिटांनी पुन्हा खाली. सुवर्णाच्या कानात रक्त वाजत होतं.

मग भन्तेजींनी आशीर्वादाची गाथा म्हणायला सगळ्यांना उभं केलं.

दाराजवळून हणमंत उठून भिंतीच्या कडेनं पुढे आला. तो कुजबुजला, "ताई, बास. पाठ वाकाय लागलीया. मी धरतो एका बाजूनं."

"तू कोण?" भीमाबाईनं विचारलं.

"मी हणमंत. पट्टा माझाय."

"पट्टा दिला, बस झालं. जागेवर जा."

तो गेला नाही, पण त्यानं हातही लावला नाही. सुवर्णा पुन्हा गुडघ्यांत वाकली. हात चिकट झाले होते. हणमंतनं शिकवलेलं सगळं आठवत होतं. पाय, टाचा, कंबर. पण छातीत हवा पुरत नव्हती, आणि हवा पुरत नसताना काय करायचं हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याच्याकडे ती वेळ येत नसे. मग कुठून तरी मानसरोवरच्या तळघरातला आवाज आला. साँस छोडो. रुकना नहीं. नीचे तक. तिनं श्वास सोडला, थांबली नाही, आणि उचललं. ते सुंदर नव्हतं. भीमाबाईचा खांदा तिच्या हनुवटीला लागला, दात जिभेवर आले. पण दोघी उभ्या राहिल्या. हात जोडले. गाथा कानावरून जात होती. सुवर्णाला तोंडात रक्ताची चव येत होती आणि तिचे पाय तिचे नव्हते.

गाथा संपली. मागून पंढरीनाथांचा आवाज आला, "बसा, बसा सगळे. खीर आहे. बसूनच घ्या."

पंगत बसली. भीमाबाईनं सुनेकडे पाहिलं. सुवर्णानं तिला खाली घेतलं आणि त्याच झटक्यात स्वतःही शेजारी बसली, म्हणजे जवळजवळ पडली. द्रोण पुढे आले. हणमंत आता समोरच्या ओळीत बसला होता आणि पहिला घास घ्यायच्या आधी त्यानं द्रोणाकडे क्षणभर पाहिलं. मग त्यानं खीर संपवली आणि आणखी मागून घेतली.

"हा तुहा मास्तर," भीमाबाई म्हणाली, "यानं किती वेळा उचलायले शिकवलं व्हतं?"

"एकदा."

"हूं." तिनं खीर खाल्ली. "अन् त्या नाचणाऱ्या बाईनं?"

"तिनं कधी थांबायलाच सांगितलं नाही."

"मंग दोघायलेबी आपल्या इथं जेवाले बोलवायले पाह्यजे व्हतं आधी. समजलं असतं."

लोक हात धुऊन पुन्हा येऊन बसले. भन्तेजी निघाले, तेव्हा सगळे पुन्हा उभे राहिले. या वेळी भीमाबाईनं हात पुढे केला नाही, बसल्या बसल्याच हात जोडले. सुवर्णानं तिच्याकडे पाहिलं, पण ती दुसरीकडे बघत होती. खोली रिकामी होऊ लागली. समोरच्या भिंतीशी दोघाजणांनी सतरंजीचं टोक उचललं आणि गुंडाळायला सुरुवात केली. खरकटे दाणे झटकत, दोन्ही बाजूंनी सारखं करत ते जवळ येत होते. मागच्या वर्षीच्या चौघांपैकीच दोघं होते. त्यांनी सतरंजी दोघींच्या अलीकडे थांबवली आणि वाट पाहत उभे राहिले.

"बाई, करू का?"

"कर. सतरंजी लोकायची हाये."

सुवर्णा समोर आली, गुडघ्यांत वाकली. मांड्यांत काही उरलेलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिनं पट्टा धरला. भीमाबाईचा उजवा हात मानेवर आला. आणि मग सुवर्णानं पाहिलं, भीमाबाईनं उजवी टाच जमिनीवर रोवली होती. आणि डावा पाय, जो मनासारखा चालत नसे, तोही थोडा ओढून शरीराखाली घेतला होता. असं तिनं कधीपासून सुरू केलं होतं? रोज संध्याकाळी समोरच्या खोलीत, एकदा. सुवर्णाचं लक्ष तेव्हा स्वतःच्या पाठीवर असायचं.

तिनं श्वास सोडला. दोघी वर आल्या. तिला वाटलं होतं त्याहून वजन कमी होतं, किंवा पाय इतके बधिर झाले होते की वजन कळत नव्हतं. कुणी किती उचललं ते काट्यावर ठेवून पाहता येण्यासारखं नव्हतं.

त्या दोघांनी उरलेली सतरंजी गुंडाळली. भीमाबाईनं काठी मागून घेतली.

"हं," ती म्हणाली, आणि दाराकडे निघाली.